पडद्यावरची नभोवाणी आणि नगरचे अच्युतराव

१९४२ सालच्या गुप्त काँग्रेस रेडिओवरील ‘ऐ वतन मेरे वतन’ हा चित्रपट २०२४ सालच्या मार्च महिन्यात चित्रगृहांची पायरी न चढता थेट घराघरांतील पडद्यावर अवतरला. बावीस वर्षांची उषा मेहता, तिचे धैर्य, पोलिसांचा पाठलाग आणि अंधाऱ्या खोलीतील प्रक्षेपणयंत्र यांभोवती हे नाट्य रचलेले आहे. उषाबेनच्या वाट्याला हा गौरव उशिरा आला, पण आला, याचा आनंदच मानला पाहिजे. मात्र पडद्यावरील नाट्याची म्हणून एक गरज असते. त्याला एक चेहरा लागतो, एक आवाज लागतो आणि सारे संकट एका रात्रीत गोळा व्हावे लागते. बातमी गोळा करण्याचे, पारखण्याचे आणि प्रसृत करण्याचे प्रत्यक्ष काम अशा एका रात्रीत होत नाही व एका माणसाकडूनही होत नाही. काँग्रेस रेडिओच्या त्या कामात ज्यांचा हात होता त्यांत अहमदनगरचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे, एक गृहस्थ होते. काही वर्षांपूर्वीपर्यंत बनारसच्या महाविद्यालयात ते अर्थशास्त्र शिकवीत असत. त्यांचे नाव अच्युतराव पटवर्धन. साताऱ्याच्या प्रतिसरकारच्या संदर्भात हे नाव महाराष्ट्राच्या कानावर असते; नभोवाणीच्या संदर्भात ते सहसा निघत नाही.

अच्युतरावांचा जन्म ५ फेब्रुवारी १९०५ रोजी अहमदनगर येथे झाला. वडील हरी केशव पटवर्धन हे नगरचे वकील आणि थिऑसफीचे अनुयायी. सहा मुलगे, त्यांत अच्युत दुसरे. थोरले रावसाहेब हेही पुढे राष्ट्रीय चळवळीतील अग्रणी झाले. अच्युत चार वर्षांचे असताना त्यांना शिक्षण खात्यातून निवृत्त झालेल्या सीताराम पटवर्धन यांनी दत्तक घेतले. हे दत्तक वडील १९१७ साली वारले आणि बारा वर्षांच्या मुलाच्या नावे बऱ्यापैकी मालमत्ता राहिली. दोन्ही घरांत थिऑसफीचे वातावरण असल्यामुळे नगरचे शालेय शिक्षण संपताच मुलाची रवानगी बनारसच्या सेंट्रल हिंदू कॉलेजात झाली, यात नवल नव्हते. ते अ‍ॅनी बेझंट यांनी स्थापन केलेले महाविद्यालय होते. तेथेच त्यांनी अर्थशास्त्रात एम. ए. केले, पहिला वर्ग मिळविला आणि तेथेच ते प्राध्यापक झाले. दरम्यान इंग्लंड व युरोपचा प्रवास घडला, समाजवादी पुढाऱ्यांशी परिचय झाला, मार्क्सचे वाचन झाले. अर्थशास्त्राच्या अध्यापकाला एक सवय जडलेली असते. कोणी एखादे विधान ठासून केले की त्यामागचा आकडा कोठून आला, तो कोणी मोजला आणि मोजणाऱ्याचा त्यात काय लाभ होता, हे तो आधी विचारतो. वर्गात ही सवय विद्यार्थ्यांना कंटाळवाणी वाटते. १९४२ साली तिचे मोल निराळे ठरले.

१९३२ साली अच्युतरावांनी नोकरीचा राजीनामा देऊन सविनय कायदेभंगात उडी घेतली. पुढील दहा वर्षांचा वृत्तांत थोडक्यात सांगण्याजोगा आहे, कारण तो त्या पिढीतील अनेकांचा सामायिक वृत्तांत आहे. तुरुंगवास, नाशिकच्या कारागृहातील समाजवादी तरुणांच्या चर्चा, १९३४ साली जयप्रकाश नारायण व आचार्य नरेंद्र देव यांच्यासमवेत काँग्रेस समाजवादी पक्षाची उभारणी. १९३६ साली पंडित नेहरूंनी त्यांना काँग्रेस कार्यकारिणीत घेतले, पण ते तेथे फार काळ रमले नाहीत. अशोक मेहता यांच्यासह हिंदू, मुसलमान आणि ब्रिटिश सत्ता या तिढ्यावर त्यांनी एक इंग्रजी ग्रंथ लिहिला. तो प्रसिद्ध झाला १९४२ साली, म्हणजे ज्या वर्षी लेखकाला स्वतःच्या नावाने कोठेही वावरणे अशक्य झाले त्याच वर्षी.

९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत धरपकड झाली. कार्यकारिणीच्या सभासदांना आगगाडीने हलविण्यात आले आणि अहमदनगरच्या किल्ल्यात कोंडण्यात आले. नेहरू, वल्लभभाई, मौलाना आझाद, पंत, कृपलानी, असफ अली, शंकरराव देव, नरेंद्र देव, पट्टाभी, प्रफुल्लचंद्र घोष, सय्यद महमूद आणि हरेकृष्ण महताब असे हे बारा बंदी. स्थळ गुप्त राखण्यात आले. आरंभीचे काही आठवडे या मंडळींना वर्तमानपत्रही मिळत नव्हते. ज्यांच्या एका ठरावाने देश पेटला होता, त्यांना देशात काय चालले आहे याचा पत्ता नव्हता. आणि ते कोठे आहेत याचा पत्ता देशाला नव्हता. अच्युतरावांच्या दृष्टीने यात आणखी एक विचित्र योग होता. त्यांचे समाजवादी पक्षातील ज्येष्ठ सहकारी नरेंद्र देव त्यांच्याच जन्मगावी किल्ल्याच्या भिंतीआड बसले होते, आणि जन्माने नगरकर असलेला माणूस मुंबईत घरे बदलत लपून राहत होता. कृपलानी किल्ल्यात, तर सुचेता कृपलानी भूमिगत. असफ अली किल्ल्यात, तर अरुणा असफ अली भूमिगत. भिंतीच्या आत बातमी जात नव्हती आणि बाहेर बातमी निर्माण करणारी व पोचविणारी माणसे ही आतल्यांचीच सहकारी किंवा घरची होती.

या किल्ल्याचे दूरदर्शनशी जुने नाते आहे. १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या काळात नेहरूंनी येथे जो ग्रंथ लिहिला त्यावर श्याम बेनेगल यांनी ‘भारत एक खोज’ ही त्रेपन्न भागांची मालिका केली व ती १९८८-८९ मध्ये दूरदर्शनवर गाजली. ती मालिका आपण नाट्य आहोत हे लपवीत नव्हती. नेहरूंच्या वेषातील नट प्रेक्षकांसमोर येऊन कथानक सांगत असे आणि प्रसंग हे उघडपणे रंगमंचीय असत. इतिहासाचे नाट्य करणाराने एवढा प्रामाणिकपणा पाळला म्हणजे पुरे. तक्रार करायची ती अशा मालिकांविषयी नव्हे. नाट्याचे नियम बातमीला लागू केले जातात आणि प्रेक्षकालाही तेच बातमीचे खरे रूप वाटू लागते, तक्रार आहे ती त्या वेळेविषयी.

१९४२ साली बातमीची स्थिती काय होती, हे यासाठीच नीट पाहिले पाहिजे. चळवळीसंबंधी सरकारमान्य मार्गांनी आलेल्या मजकुराखेरीज काही छापण्यास बंदी आली. कित्येक पत्रांनी अशा अटींवर निघण्यापेक्षा बंद पडणे पत्करले. आकाशवाणी सरकारच्या हातात होती. टंचाईच्या काळात काळा बाजार फोफावतो तसा बातमीच्या टंचाईत अफवांचा बाजार फोफावतो; आणि अफवा सरकारला जितकी त्रासदायक तितकीच चळवळीलाही घातक असते. अमुक गावी फौज आली ही खोटी अफवा दहा गावांना घरी बसवू शकते. अमुक जिल्हा स्वतंत्र झाला ही खोटी अफवा दहा तरुणांना नाहक गोळीच्या तोंडी देऊ शकते. भूमिगत पुढाऱ्यांना भाषणांची उणीव नव्हती. त्यांना उणीव होती ती लोकांचा विश्वास बसेल अशा नित्याच्या बातमीपत्राची.

हे बातमीपत्र ज्यांनी उभे केले त्या तरुण मंडळींत उषा मेहता, विठ्ठलदास ऊर्फ बाबूभाई खाकर आणि चंद्रकांत झवेरी हे प्रमुख होते. शिकागो रेडिओ या व्यवसायसंस्थेचे नानक मोटवाने यांच्याकडून सामग्री मिळाली. ऑगस्टच्या अखेरीस ४२.३४ मीटरवर केंद्र बोलू लागले. डॉ. राममनोहर लोहियांनी या तरुणांशी संधान बांधले आणि त्यांच्यासह अच्युतराव पटवर्धन व पुरुषोत्तम त्रिकमदास हे या केंद्राचे मार्गदर्शक झाले. इंग्रजी भाषणे लोहिया व कूमी दस्तूर यांची, तर हिंदुस्थानी भाषणे मोईनुद्दीन हॅरिस, अच्युतराव व स्वतः उषाबेन यांची असत. ‘हिंदुस्ताँ हमारा’ने आरंभ आणि ‘वंदे मातरम्’ने शेवट, असा रोजचा क्रम.

हे केंद्र एका जागी राहू शकत नव्हते. चौपाटीवरील सी व्ह्यू, लॅबर्नम रोडवरील अजित व्हिला, सँडहर्स्ट रोडवरील लक्ष्मी भवन, गिरगावातील पारेखवाडी आणि शेवटी महालक्ष्मीजवळचा पॅरडाइज बंगला, असे त्याने मुक्काम बदलले. पोलिसांच्या गाड्या ध्वनिलहरींची दिशा शोधीत फिरत असत आणि सरकारी केंद्राकडून प्रक्षेपणात गोंगाट मिसळला जाई. पुढे ध्वनिमुद्रणाची जागा व प्रक्षेपणाची जागा निराळी करण्यात आली, म्हणजे एक सापडली तरी दुसरी वाचावी. यातला धोका खराच होता आणि चित्रपटाने तो रंगविला तर बिघडले नाही. पण दिवसाचे बहुतेक तास हा धोका अगदी नीरस कामांत वाटला जात असे. भाड्याची जागा पाहणे, भाडे चुकते करणे, शेजाऱ्यांना संशय येणार नाही असे कारण तयार ठेवणे, तबकड्या नेणे-आणणे, निरोप्याची वाट पाहणे. निरोप्या आला नाही तर त्या दिवशी सांगण्यासारखे काय आहे, हा प्रश्न.

बातमी कशी येत असे? निरोपे देशाच्या निरनिराळ्या भागांतून मुंबईस येत, आणि काँग्रेसची भूमिगत यंत्रणा त्यांनी आणलेला मजकूर केंद्राकडे पोचवीत असे. चितगाववरील बॉम्बहल्ला, जमशेदपूरच्या कामगारांचा संप, आष्टी-चिमूरचे अत्याचार या बातम्या काँग्रेस रेडिओने दिल्या. वर्तमानपत्रांना त्या एक तर ठाऊक नव्हत्या किंवा छापता येत नव्हत्या. चिमूरचेच पाहावे. ऑगस्टच्या मध्यास तेथे उठाव झाला, मागोमाग फौज आली आणि गावातील स्त्रियांवर अत्याचार झाले. गाव बाहेरच्या जगापासून तोडले गेले. प्रा. भन्साळींनी या अत्याचारांच्या चौकशीसाठी उपोषण आरंभिले, तेव्हा त्या उपोषणाची बातमी देण्यावरही निर्बंध आला. अशा गावातली हकीकत चांदा जिल्ह्यातून मुंबईच्या एका भाड्याच्या खोलीपर्यंत येते, ती वाटेत किती तोंडांतून जाते, त्यातले काय ठेवायचे व काय गाळायचे, आणि पीडित स्त्रियांची ओळख उघड होऊ न देता ती कशी सांगायची, हे निर्णय कोणीतरी घ्यावे लागतात. ते घेताना कोणी घोषणा देत नाही. पार्श्वसंगीत वाजत नाही. पडद्यावर हे दाखवायचे तर चार माणसे कागदावर रेघोट्या मारीत बसलेली दिसतील, आणि प्रेक्षक दुसरीकडे वळेल.

अलीकडच्या वृत्तवाहिन्यांची गोम येथेच आहे. काल्पनिक नाट्यातील निवेदक जे करतो तेच त्या करू पाहतात. आवाज चढवितात, एका घटनेला खलपुरुष व नायक नेमून देतात, आणि बातमी जेथे घडली तेथे माणूस पाठविण्याचा खर्च वाचवून तोच पैसा चर्चेच्या खोलीतील झगमगाटावर लावतात. अर्थशास्त्राच्या भाषेत हा व्यवहार समजण्यासारखा आहे, कारण भाष्य स्वस्त पडते व बातमी महाग. काँग्रेस रेडिओपाशी पैसा थोडा, माणसे थोडी आणि आयुष्य त्याहून थोडे होते. तरी त्याने चितगाव व चिमूर यांच्याकडून येणाऱ्या माणसाची वाट पाहिली.

अर्थात त्या केंद्रालाही आदर्शाच्या चौकटीत बसविण्याचे कारण नाही. ते तटस्थ नव्हते आणि तटस्थ असल्याचा त्याचा दावाही नव्हता. बातमीला जोडूनच शेतकरी, कामगार, विद्यार्थी व शिपाई यांना उद्देशून आवाहने असत. सरकारी नभोवाणीची टर उडविली जाई. एका बाजूने लढणाऱ्या माणसाला दुसऱ्या बाजूची हकीकत देण्याची निकड भासत नाही, आणि घाईने आलेल्या निरोपातील प्रत्येक गोष्ट पडताळून पाहण्याची सोय भूमिगताला नसते. हे मान्य करून जे उरते ते पुष्कळ आहे. श्रोत्याला फसवून चळवळ चालत नाही एवढे भान या मंडळींना होते. समोरचा श्रोता उद्या त्याच बातमीवर विसंबून पोलीस ठाण्यावर मोर्चा नेणार आहे, हे ज्याला ठाऊक आहे त्याला शब्द मोजूनच वापरावे लागतात.

१२ नोव्हेंबर १९४२ रोजी हा आवाज थांबला. ज्या तंत्रज्ञाने यंत्र जुळविले होते त्यानेच पकडला गेल्यावर पोलिसांना वाट दाखविली. जेमतेम अडीच महिन्यांचे हे आयुष्य. १९४३ च्या मे महिन्यात निकाल लागला. बाबूभाईंना पाच वर्षे, उषाबेनना चार वर्षे आणि चंद्रकांत झवेरींना एक वर्ष शिक्षा झाली. मोटवाने निर्दोष सुटले. या केंद्रावरून काय बोलले गेले हे आज वाचता येते ते सरकारच्याच कृपेने, कारण सरकारच्या माणसांनी ती प्रक्षेपणे कान देऊन उतरवून घेतली होती. ज्या राज्याने हा आवाज बंद पाडला त्याच्याच दप्तरातून तो पुढच्या पिढीला मिळाला. भूमिगत माणूस नभोवाणीवरून आपले नाव सांगत नाही, हे उघड आहे. त्यामुळे त्या कागदांत अच्युतरावांचा शोध घेणे सोपे नाही, आणि ज्याला चेहरा नाही त्याला नाट्यात भूमिका मिळत नाही.

अच्युतराव मात्र सापडले नाहीत. जयप्रकाश हजारीबागच्या तुरुंगातून निसटले आणि १९४३ मध्ये पुन्हा पकडले गेले. लोहिया १९४४ च्या मे महिन्यात मुंबईत पकडले गेले. अरुणा असफ अली आणि अच्युतराव अखेरपर्यंत पोलिसांच्या हाती लागले नाहीत. १९४६ साली त्यांच्यावरील वॉरंटे मागे घेण्यात आली तेव्हाच ते उजेडात आले. मधल्या काळात साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रतिसरकार चालविले. गावोगाव न्यायदान झाले, सावकारी व गुंडगिरी यांना आळा बसला, तुफान सेना उभी राहिली. या साऱ्याला भूमिगत अच्युतरावांचे मार्गदर्शन होते आणि लोकांनी त्यांना साताऱ्याचा सिंह म्हटले. नगरच्या दत्तक घरातील सुखवस्तू मुलगा, बनारसचा प्राध्यापक, मुंबईच्या खोल्यांतून बोलणारा निनावी वक्ता आणि कृष्णाकाठच्या गावांतील सिंह. एखाद्या मालिकेचे वर्षभराचे भाग निघतील एवढी सामग्री यात आहे.

ती मालिका झाली नाही, याला अच्युतराव स्वतःही काही अंशी कारण आहेत. स्वातंत्र्यानंतर समाजवाद्यांनी काँग्रेस सोडली, नवा पक्ष झाला, आणि १९५० साली, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, ज्या वयात इतरांची सत्तेची कारकीर्द सुरू होते त्या वयात, अच्युतरावांनी राजकारण कायमचे सोडले. ना मंत्रिपद, ना खासदारकी, ना भूमिगत दिवसांच्या शौर्यकथांची व्याख्यानमाला. त्यांनी पुन्हा बनारसची वाट धरली आणि १९६६ पर्यंत सेंट्रल हिंदू कॉलेजात अध्यापन केले. थिऑसफीच्या घरात लहानपणापासून ओळखीचे असलेले जे. कृष्णमूर्ती यांच्या विचारांकडे ते वळले आणि त्यांच्या शिक्षणसंस्थांच्या कामात राहिले. या निवृत्तीविषयी त्या काळी नाराजी होती. एवढ्या योग्यतेच्या माणसाने मैदान सोडावे, हे समाजवाद्यांना परवडणारे नव्हते, आणि हा आक्षेप अगदीच अप्रस्तुत म्हणता येत नाही. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत समाजवादी पक्षाची जी वाताहत झाली ती पाहता अशा माणसांची उणीव जाणवल्यावाचून राहत नाही. परंतु आपल्या नावाचा जयघोष ऐकत बसण्याची गरज ज्याला वाटली नाही असा पुढारी म्हणून त्यांच्याकडे पाहिले, तर १९४२ साली निनावी बोलणारा माणूस आणि १९५० नंतर न बोलणारा माणूस हे दोन निराळे राहत नाहीत.

उषा मेहतांनीही पुढे अध्यापनाचाच मार्ग धरला. गांधीजींच्या राजकीय विचारांवर प्रबंध लिहून त्यांनी डॉक्टरेट मिळविली, मुंबईत राज्यशास्त्र शिकविले, आणि १९९८ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. ११ ऑगस्ट २००० रोजी त्या वारल्या. अच्युतरावांचे निधन त्यापूर्वी आठ वर्षे, ५ ऑगस्ट १९९२ रोजी, वाराणसी येथे झाले. ऑगस्ट क्रांतीच्या सुवर्णमहोत्सवी दिवसाला तेव्हा चार दिवस उरले होते. त्या सुमारास देशात उपग्रहाद्वारे परदेशी वाहिन्या घरांत उतरू लागल्या होत्या आणि चोवीस तास बातम्या ऐकविण्याच्या युगाची चाहूल लागली होती. नगरच्या किल्ल्यात नेहरूंची खोली पाहुण्यांना दाखविली जाते. अच्युतराव त्या किल्ल्यात कधी कोंडले गेले नाहीत, म्हणून तेथे त्यांची खोली नाही.